जुना खेळ आणि नवा पडदा

गेल्या वैशाखांत आमच्या नातवाची मुंज झाली. आहेराच्या पैशांतून त्यानें दौंडच्या एका दुकानांतून संगणकाचा नवा पडदा आणविला. हा पडदा सेकंदांत 144 वेळां चित्र पालटतो, असें त्यानें मोठ्या अभिमानानें मला सांगितलें. चार दिवसांनीं पाहतों तों स्वारी हिरमुसलेली! त्याच्या वडिलांनीं 2005 च्या सुमारास, विद्यार्थिदशेंत असतां, खेळलेला मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ त्यानें त्या पडद्यावर लाविला होता. आणि पडद्याच्या कोपऱ्यांत आंकडा दिसत होता अवघा 60.

“आजोबा, त्यांनी मला फसवलं,” एवढेंच तो म्हणाला.

मुलाच्या मुंजीचा पैसा कोणीं लुबाडावा, हें मला सहन होईना. पावती खिशांत घालून, दुकानदारास काय काय सुनवावयाचें याची मनांत जुळणी करीत मी शिरूरहून एस्. टी. नें दौंडास गेलों. वाटेंत भाच्याच्या घरीं डोकावलों. तो याच विद्येंत मुरलेला. सारें ऐकून घेऊन तो म्हणाला, “मामा, भांडायला खुशाल जा, पण आधी अर्धा तास मला द्या.” त्या अर्ध्या तासांत मला जें उमगलें, तें वाचकांच्याहि उपयोगी पडेल असें वाटतें.

जळतें कोलीत गरगर फिरविलें असतां अग्नीचें अखंड वर्तुळ दिसतें. वस्तुतः वर्तुळ नसतेंच. गौडपादाचार्यांनीं माण्डूक्यकारिकांत हाच दृष्टांत घेतला असून त्यांतील चौथ्या प्रकरणास ‘अलातशांति’ असेंच नांव आहे. सिनेमा व संगणक या दोहोंचा पाया हाच दृष्टिभ्रम होय. स्थिर चित्रें झपाट्यानें पालटलीं कीं डोळा त्यांची गति करून घेतो.

1913 सालीं दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, त्या मूकपटांच्या काळीं कॅमेऱ्याचा दांडा हातानें फिरवीत, व सेकंदास साधारणपणें 16 च्या आसपास चित्रें घेत. पुढें बोलपट आले. ध्वनि बेसूर होऊं नये म्हणून गति निश्चित असणें अवश्य झालें, आणि सेकंदास 24 चित्रें हें मान रूढ झालें. 16 चित्रांचा मूकपट 24 च्या यंत्रावर लाविला कीं माणसें दीडपट वेगानें तुरुतुरु धांवूं लागतात, तें याचमुळें. दोष ना फाळक्यांचा, ना यंत्राचा. दोघांचा ताल निराळा, इतकेंच.

आतां एक सूक्ष्म भेद ध्यानांत घ्यावा. प्रक्षेपणयंत्रांत दोन पात्यांचें झांकण फिरत असतें. त्यामुळें चित्रें 24 च असलीं तरी पडदा 48 वेळां उजळतो व लुकलुक कमी भासते. म्हणजे पडदा किती वेळां उजळतो हें एक, आणि नवीं चित्रें किती येतात हें दुसरें. संगणकाचेंहि तसेंच आहे. 60 आंकड्याचा पडदा सुमारें 17 सहस्रांश सेकंदांनीं चित्र पालटतो, 144 चा सुमारें 7 सहस्रांश सेकंदांनीं. पण तितकीं नवीं चित्रें खेळानें पुरविलीं तरच त्या वेगाचें चीज होतें.

मग आमच्या पडद्यावर 60 कां? भाच्यानें कारण सांगितलें तें असें. जुन्या खेळांपैकीं कित्येक पडद्याजवळ फक्त लांबीरुंदी मागतात, वेग मागतच नाहींत. आणि न मागितल्यास विंडोज बहुधा 60 च देतें. यावर उपाय तीन. पहिला, विंडोजच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ या भागांत जाऊन पडद्याचा वेग स्वतः 144 निवडावा. नवा पडदा जोडला म्हणजे हें आपोआप होतेंच असें नाहीं. दुसरा, चित्रकार्ड एन्व्हिडियाचें असल्यास त्याच्या नियंत्रण-फलकांत ‘प्रिफर्ड रिफ्रेश रेट’ पुढें ‘हायेस्ट अ‍ॅव्हेलेबल’ लावावें. तिसरा, जोडणीची केबल तपासावी. जुन्या केबलीस वा खांचेस हा वेग पेलेलच असें नाहीं.

परंतु येथेंच एक धोका आहे. कांहीं खेळांचें कालमानच चित्रसंख्येशीं बांधलेलें असतें. 2013 चा ‘नीड फॉर स्पीड : रायव्हल्स’ हा खेळ सेकंदास 30 चित्रांचा, तो बळेंच 60 वर नेला तर मोटारी दुप्पट वेगानें उधळतात. मूकपटाचीच गत! अशा खेळास त्याच्या मूळ मर्यादेंतच ठेवावें. 1993 च्या ‘डूम’चा ताल सेकंदास 35 ठोक्यांचा, 1997 सालीं त्याच्या कर्त्यांनीं मूळ संहिता खुली केली, तेव्हां पुढें इतरांनीं ताल तोच राखून दोन ठोक्यांच्या मध्यें बसतील अशीं चित्रें रचण्याची सोय केली. लय न बिघडवितां जागा भरणाऱ्या तबलजीसारखेंच हें! आपला खेळ कोणत्या जातीचा, याची पहिली कसोटी सोपी आहे. खेळांतील घड्याळ व मनगटावरचें घड्याळ मिनिटभर ताडून पाहावें.

अर्धा तास संपला. मी दुकानांत गेलों खरा. पण भांडावयास नव्हे, चांगलीशी केबल घ्यावयास. बिचाऱ्या दुकानदारानें पाण्याचा पेला पुढें केला, तेव्हां मनांतल्या मनांत मला लाज वाटली. पडद्याचे गुण समजून न घेतां मी एका प्रामाणिक माणसास चोर ठरवून बसलों होतों.

रात्रीं नातवानें सांगितल्याबरहुकूम सारें केलें. कोपऱ्यांतील आंकडा 144 झाला. आम्हीं शर्यतीचें घड्याळ भिंतीवरील घड्याळाशीं ताडून पाहिलें. दोन्हीं बरोबर चाललीं. मोटारी कशा लोण्यासारख्या वळत होत्या! इतक्यांत चिरंजीव आले. मुलाच्या शेजारीं बसून त्यांनीं आपला जुना मार्ग बरोबर ओळखला. त्यांच्या शाळेच्या दिवसांत हाच खेळ मीं परीक्षेपूर्वीं कुलपांत टाकिला होता, याची आठवण त्यांनीं काढली नाहीं. मींहि काढली नाहीं.