रिकाम्या खोल्यांपासून चाळीस मजल्यांपर्यंत

बीडीडी चाळीत खोली मिळावी म्हणून माणसं ओळखीपाळखी शोधत, हे आपण ऐकत आलो. सुरुवातीची हकिगत मात्र उलटी आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली मुंबईत बीडीडी हे नवं विकास खातं निघालं. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडून राहिल्या. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, काँक्रीटच्या भिंती, उजेड कमी, संडास सामाईक, वरळीहून गिरण्याही लांब. कामगारांना कसं घर हवं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच्या थोडं आधी, १९१५ साली, गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था सुरू झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. तिथे भाडेकरू स्वतःच संस्थेचे सभासद होते. मध्यमवर्गाला जमलं ते गिरणीकामगाराला पैशाअभावी जमणं कठीण होतं, हे खरंच. तरीही मला हा फरक पैशापेक्षा मोठा वाटतो. गावदेवीत घराच्या कारभारात रहिवाशाचा शब्द होता. वरळीत तो नव्हता.

मग चाळ भरली कशी? खोली तेवढीच राहिली, पण माणसांनी तिच्याभोवती जग उभं केलं. कोकणातल्या, घाटावरच्या गावांची मंडळं आली, भजनं आली, गणपती आला, भीमजयंती आली. गॅलरी ही सगळ्यांची बैठकीची खोली झाली. दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या बाईचं मूल शेजारी जेवायचं. पुढे याच खोल्या सोडवेनात.

चाळीचे गोडवे गाताना एक विसरू नये. जानेवारी १९७४ मध्ये याच वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, माणसं मेली. शेजार आपोआप जुळत नाही. जातीची भिंत गॅलरीतही उभी राहते, आणि ज्याला ती रोज भिडते त्याला घर कितीही मोठं दिलं तरी तो सुखात नसतो.

शेजाराचा हा प्रश्न मुंबईपुरता नाही. महाराष्ट्रात अपार्टमेंटच्या मालकीचा कायदा १९७० साली आला, उत्तर प्रदेशातला सध्याचा कायदा २०१० साली. लखनौहून सीतापूर रस्त्याने बख्शी का तालाबच्या दिशेला निघालं की नव्या वस्त्या लागतात. तिथे फ्लॅट घेणाऱ्यालाही जिना, गच्ची, आवार यांत वाटा कायद्याने मिळतो. तो वापरायला मात्र एकमेकांची नावं माहीत असावी लागतात.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ५५६ कुटुंबांना म्हाडाने नव्या घरांच्या किल्ल्या दिल्या. पाचशे चौरस फूट, स्वतःचा संडास, लिफ्ट. रात्री-अपरात्री सामाईक संडासाकडे जावं लागलेल्या बायांसाठी ही गोष्ट केवढी मोठी आहे, ते त्यांनाच विचारावं. मन भरून यावं असाच तो दिवस होता. पण चाळीस मजल्यांच्या इमारतीचा देखभालीचा खर्च चाळीच्या भाड्यासारखा नसतो. निवृत्त गिरणीकामगाराला तो पुढेही पेलायला हवा. गॅलरीऐवजी आता बंद दारांची लॉबी आहे. गणपती कुठे बसवायचा, म्हाताऱ्यांनी संध्याकाळी कुठे टेकायचं, सोसायटीच्या कमिटीत कोण जाणार, हे इथल्या लोकांनीच ठरवायला हवं आणि या वेळी त्यांना आधी विचारलं जावं.