बुवांची वही आणि टॅब्लेट

मुरूड तालुक्यातील काशीदसारख्या किनारी गावांत भजनीबुवांची हस्तलिखित वही ही मंडळाची खरी मत्ता होय. खारी हवा, पावसाळी ओल आणि वाळवी तिच्या मुळावर असतात. अशा स्थितीत साठी ओलांडलेल्या बुवांनी टॅब्लेट हाती घेतला, तर त्यात वावगे काही नाही. अक्षरे हवी तेवढी मोठी होतात आणि नव्या प्रतीचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. मात्र जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर रायगडच्या किनाऱ्यावरील अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून होती, हे विसरता येत नाही.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. अभंगाचे शब्द छापील गाथेतही मिळतात. चाल, ठेका आणि गजर कोठे घ्यावयाचा याच्या खुणा मात्र वहीच्या समासातच सापडतात. यंत्रात आयता मजकूर भरून वही माळ्यावर टाकली, तर शब्द उरतील आणि चाल जाईल. यासाठी वहीच्या पानांचीच छायाचित्रे घ्यावीत, चाली बुवांच्या आवाजात ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्यांची एक प्रत मंडळाकडे ठेवावी. हे काम बुवा गाते आहेत तोवरच होणे शक्य आहे.