पॅशन शोधताय? सलीम अलींची चिमणी आठवा

मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे, "दादा, माझं पॅशन काय तेच कळत नाही." मला विचाराल तर, नुसतं बसून विचार केल्याने ते कळतही नाही.

सलीम अलींचंच बघा ना. जन्म १८९६ चा. मुंबईतल्या या मुलाने लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही कुठली, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलर्ड साहेबांनी त्याला जपून ठेवलेल्या पक्ष्यांचा खजिनाच दाखवला.

मग रस्ता सरळ झाला? छे! ब्रह्मदेशातला धंदा बुडाला. पुढे मुंबईच्या म्युझियममध्ये नोकरी लागली, पण १९३० मध्ये जर्मनीहून शिकून परतले तर तीही गेलेली. मग अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते तासन् तास बघत बसायचे. लक्षात आलं, की घरटं विणतो नर. मादी पाहणी करते, पसंत पडलं तरच राहते. मग नर दुसरं विणायला घेतो! या निरीक्षणांनी त्यांना ओळख मिळाली.

म्हणजे नोकरी गेली, पण कुतूहल राहिलं.

तर या आठवड्यात मनात आलेल्या एखाद्या प्रश्नाचा पिच्छा पुरवा. जाणकाराला प्रत्यक्ष भेटा. पुन्हा तिथेच जावंसं वाटलं, तर समजा, धागा सापडला. भेटू पुढच्या भागात!