पडदा आणि देश : कोल्हापूरचे बाबा

मागच्या भागात जेम्स स्टुअर्टबद्दल लिहिलं होतं. १९४१ साली ऑस्कर मिळाल्यावर महिनाभराच्या आत हा नट फौजेत दाखल झाला, युरोपच्या आकाशात बॉम्बफेकीच्या २० मोहिमांवर गेला आणि १९६८ साली हवाई दलाच्या राखीव तुकडीतून ब्रिगेडियर जनरल म्हणून निवृत्त झाला. पडद्यावर सैनिक म्हणून जास्त गाजला तो जॉन वेन. वर्दी मात्र स्टुअर्टने घातली आणि तिच्याबद्दल फारसं कधी बोलला नाही. धर्म, घर, गाव आणि देश ही त्याची साधी श्रद्धा होती. तो भाग वाचून इथे मुळशी तालुक्यातल्या सूसला शेजारचे काका म्हणाले, “हे झालं त्यांचं. आपल्याकडं कोण?”

माझं उत्तर आहे भालजी पेंढारकर. ते नट म्हणून नव्हे, दिग्दर्शक म्हणून ओळखले जातात. पण जुनं जपणारा, देव-देश-धर्म या शब्दांवर मनापासून विश्वास असणारा आणि त्या विश्वासाची किंमत स्वतःच्या घामाने मोजणारा माणूस मराठी सिनेमात शोधायचा, तर पहिलं नाव त्यांचंच घ्यावं लागतं. कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत त्यांना सगळे ‘बाबा’ म्हणत.

१९२६ साली, मूकपटाच्या काळात, त्यांनी ‘वंदे मातरम् आश्रम’ काढला. इंग्रजांच्या शिक्षणपद्धतीवर टीका आणि देशी शिक्षणाचा आग्रह हा त्याचा विषय. लाला लजपतराय आणि पंडित मालवीय यांच्या विचारांचा त्यावर ठसा होता. सेन्सॉरने कात्री चालवली, काही काळ बंदीही आली. त्या वेळी भालजी तिशीच्याही आत होते. सिनेमाचा धंदा नवा आणि सरकार परक्यांचं. अशा वेळी पौराणिक चमत्कारांचा सुरक्षित रस्ता मोकळा असताना त्यांनी हा विषय निवडला.

पुढे ते शिवकाळाकडे वळले. ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘पावनखिंड’ (१९५६), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४). ही नावं नीट पाहा. राजाइतकंच राजासाठी राबणाऱ्यांना इथे मानाचं पान आहे. हेर, सरनौबत, खिंड लढवणारे बांदल-मावळे, मुलाला घडवणारी आई. मुळशीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ज्या मावळ खोऱ्यांतून ही माणसं निघाली, त्यातलं पौड खोरं आमच्या उशाशी आहे. सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं, टेकडीभोवती उंच इमारती उठल्या. पण जत्रेतल्या तंबूत बसून शिवरायांचा सिनेमा पाहिलेली पिढी अजून पारावर भेटते. इतिहास त्यांनी शाळेच्या पुस्तकाआधी त्या पडद्यावर पाहिला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. भालजींच्याच ‘थोरातांची कमळा’ (१९४१) मध्ये चंद्रकांत मांडरे यांनी संभाजीराजे साकारले आणि चित्रपट तुफान चालला. पण त्या कथेला आधार दंतकथेचा, कागदपत्रांचा नव्हे. संभाजीराजांची जी प्रेमवेडी प्रतिमा लोकांच्या मनात रुजली, ती पुसायला अभ्यासकांना बरीच वर्षं झटावं लागलं. ज्याच्यावर लोक विश्वास ठेवतात, त्याच्या हातून घडलेली चूकही खोलवर जाते. भालजींबद्दल आदर असूनही हे मी झाकणार नाही.

आता १९४८. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर, उद्योगांवर जमाव चालून गेले. भालजी हिंदुत्वाच्या विचाराचे म्हणून ओळखले जात. त्यांचा जयप्रभा स्टुडिओ पेटवण्यात आला. तयार होत असलेला ‘मीठभाकर’ त्या आगीत गेला. आयुष्याची कमाई एका दिवसात राख झाली.

त्यानंतर त्यांनी काय केलं, यावर मी त्यांना जोखतो. त्यांनी कर्ज काढलं, स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि ‘मीठभाकर’ पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला. पाठोपाठ मराठी आणि हिंदीत ‘छत्रपती शिवाजी’ आला. त्यात शिवराय झाले चंद्रकांत आणि मिर्झाराजे जयसिंग झाले पृथ्वीराज कपूर. ज्या समाजातल्या जमावाने स्टुडिओ जाळला, त्याच समाजातली पोरं त्यांच्या पडद्यावर मावळे म्हणून लढत राहिली. नंतरच्या चित्रपटांत कुठे सुडाची, कडवटपणाची छटा मला सापडत नाही. परंपरेवरची श्रद्धा माणसाला ताठर करते, असं पुष्कळदा म्हटलं जातं. भालजींना तिने ताठ ठेवलं, ताठर केलं नाही.

कर्ज मात्र फिटलं नाही. पुढे स्टुडिओची मालकी त्यांच्याकडून गेली आणि तो लता मंगेशकरांकडे आला. बाबा तिथे काम करतच राहिले. एका चित्रपटासाठी संगीतकार मिळेना तेव्हा लताबाईंनी स्वतः चाली द्यायची तयारी दाखवली. चित्रपट पडला तर तुझ्या नावाला बट्टा लागेल, ही बाबांना काळजी. म्हणून लताबाईंनी ‘आनंदघन’ हे नाव घेतलं. गाणी भालजी स्वतःही लिहीत, ‘योगेश’ या टोपणनावाने.

‘साधी माणसं’ (१९६५) मला त्यांच्या ऐतिहासिक चित्रपटांहून जवळचा वाटतो. त्यात किल्ला नाही, तलवार नाही. भात्यावर राबणारं एक लोहार जोडपं आहे, मोठ्या शहराची ओढ आहे आणि त्या ओढीपायी झालेली फसवणूक आहे. जयश्री गडकर आणि सूर्यकांत यांनी ते जोडपं उभं केलं. कष्टाची भाकरी, नवरा-बायकोतला विश्वास, शब्दाला जागणं, हीच भालजींची मूल्यं. त्यांच्या लेखी देश याच गोष्टींचा बनलेला होता. जमिनी विकून आलेल्या पैशात काय काय वाहून गेलं हे पाहिलेल्या आमच्या तालुक्यातल्या तरुणांनी तर हा चित्रपट जरूर पाहावा.

१९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेले होते. २६ नोव्हेंबर १९९४ रोजी कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं.

पुढच्या आठवड्यात सुधीर फडके : १९५४ साली दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांकडून सोडवायला निघालेल्या तुकडीतला गायक.