कापड टिकलं, गिरणीचं गाव गेलं

ठाण्यात पोखरण रोड नंबर १ च्या आसपास राहणाऱ्यांच्या पत्त्यात आजही 'जेकेग्राम' येतं. पिन कोड ४००६०६. जेके म्हणजे जुग्गीलाल-कमलापत, कानपूरच्या सिंघानिया घराण्याची नाममुद्रा. नावात ग्राम असलं तरी ही वस्ती शेताभोवती नव्हे, लोकरीच्या गिरणीभोवती वाढली. ती गिरणी म्हणजे रेमंड.

खाडीकाठच्या दमट ठाण्यात, जिथे स्वेटरही क्वचितच बाहेर निघतो, तिथे लोकरीची गिरणी का? ठाण्यात १८५३ पासून रेल्वे होती आणि मुंबई बंदर जवळ होतं. दमट हवेचाही उपयोग होता, कारण कोरड्या हवेत लोकरीचे तंतू घर्षणाने विस्कटतात आणि सूत तुटतं. आधी इथे वाडिया मिल होती. ती ससून कंपनीकडे गेली आणि १९२५ मध्ये 'रेमंड वूलन मिल' झाली. हे नाव आलं अल्बर्ट आणि अब्राहम जेकब रेमंड या संचालकांवरून. त्या काळी तिथे निघायची ती ब्लँकेटं आणि स्वस्त, जाडंभरडं लोकरी कापड.

१९४४ मध्ये लाला कैलाशपत सिंघानियांनी गिरणी घेतली आणि रोख ब्लँकेटवरून सुटिंगकडे वळला. हा बदल वाटतो तेवढा सोपा नव्हता. आपल्याकडे लोकर आहे, पण ती दख्खनी मेंढीची. धनगर ती कातरतात, सनगर तिची घोंगडी विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन ती कडक करतात. पावसाथंडीला घोंगडीसारखं दुसरं काही नाही. पण पँटच्या कापडाला लागणारी मेरिनो लोकर साधारण १७ ते २१ मायक्रॉन जाडीची असते, आणि दख्खनी तंतू त्याच्या दुपटीहून जाड. म्हणून मेरिनो ऑस्ट्रेलियाहून आणावी लागते.

कातरलेली लोकर मेणचट असते. ती आधी धुऊन काढायची, मग पिंजायची, मग विंचरायची. विंचरताना आखूड तंतू गळतात आणि लांब तंतू समांतर होऊन त्यांचा मऊ पेळू तयार होतो. अनेकदा रंग सुतालाही न देता या पेळूलाच देतात, म्हणजे दोन-तीन रंगांचे पेळू मिसळून एकाच सुतात छटा आणता येते. पुढे कताई, पीळ, ताणा-बाणा. मागावरून उतरलेला तागा उजेडासमोर धरून गाठी आणि तुटके धागे शोधतात आणि सुईने एकेक धागा भरून काढतात. यंत्रांच्या या लांब साखळीत हे काम नजरेचं आणि बोटांचं राहिलं. शेवटी वाफ आणि दाब देऊन कापड बसवतात, म्हणजे शिंप्याकडे गेल्यावर ते आटत नाही.

१९५८ मध्ये मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये 'किंग्ज कॉर्नर' हे दुकान उघडलं आणि गिरणी थेट गिऱ्हाइकासमोर आली. लग्नाच्या सुटाचं कापड म्हणजे रेमंड, हे समीकरण घराघरांत रुजलं. १९६२ मध्ये शेजारी वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि ठाणं कारखान्यांचं शहर झालं. १९६९ मध्ये जेकेग्रामातच सुलोचनादेवी सिंघानिया शाळा सुरू झाली.

उतरण मात्र मुंबईच्या गिरणगावासारखी आली नाही. तिथल्या सुती कापडगिरण्या १९८२ च्या संपानंतर मोडत गेल्या. रेमंडचा धंदा मोडला नाही, तो हलला. १९७९ मध्ये जळगाव, १९९१ मध्ये छिंदवाडा, २००६ मध्ये वापी असे नवे कारखाने निघाले. मधल्या काळात ठाण्याच्या जागेचा भाव चढत होता. २००७ मध्ये राज्याने कमाल नागरी जमीन धारणा कायदा रद्द केला. २००९ मध्ये ठाण्याची गिरणी बंद झाली आणि कामगार स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन बाहेर पडले. २०१९ मध्ये त्याच आवारातली सुमारे २० एकर जमीन ७०० कोटींना विकली गेली आणि उरलेल्या जागेवर कंपनीने स्वतःच घरं बांधायला घेतली. आता कापडाचा आणि जमिनीचा हिशेबही वेगळा झाला आहे. रेमंड लाइफस्टाइल २०२४ मध्ये आणि रेमंड रिअल्टी २०२५ मध्ये शेअर बाजारात स्वतंत्रपणे दाखल झाल्या.

जमिनीच्या वाढत्या किमतीत वाटा मागणारा एक लढा इथून फार लांब झाला नाही. ठाण्याची खाडी दक्षिणेला मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळते. त्या पाण्याच्या पूर्व काठावर उरणचं द्रोणागिरी आहे. १९७० नंतर सिडकोच्या नवी मुंबईसाठी तिथली भातशेती आणि मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, उरण परिसरात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. गिरणगावातल्या कामगारांनी गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी लढून म्हाडाची सोडत मिळवली. पण गिरणीच्या जमिनीवर कामगारांना घरं देण्याचा नियम मुंबईतल्या सुती कापडगिरण्यांपुरता होता. ठाण्याची लोकर गिरणी त्याच्या बाहेर राहिली.

जमीन उरणच्या शेतकऱ्याच्या मालकीची होती, म्हणून तिच्या वाढत्या किमतीत त्याला वाटा मागता आला. गिरणीचा कामगार कधीच जमिनीचा मालक नव्हता. पण ओसाड माळाला भाव आला तो त्याच्या पाळ्यांमुळे, त्याच्या मुलांच्या शाळांमुळे, त्याच्यामागे आलेल्या दुकानांमुळे आणि बसमुळे. रेमंडचा कापडाचा धंदा संपला नव्हता, फक्त हलला होता, हे लक्षात ठेवलं तर प्रश्न अधिक टोकदार होतो. पुढचा कारखाना शहराबाहेर हलेल, तेव्हा कामगाराशी होणारा करार केवळ त्याच्या नोकरीच्या वर्षांवर बेतायचा, की त्या वर्षांनी वाढवलेल्या जमिनीच्या किमतीवरही?