डबा उघडतो, पण आतलं दिसतं का?

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकींच्या कपाटात लग्नाच्या अल्बमशेजारी एखादी व्हिडिओ कॅसेट नाहीतर दोन-तीन सीड्या असतातच. मुलीचं बारसं, मुलाची मुंज, सासऱ्यांची एकसष्टी, सगळं त्यात. 'जपून ठेवलंय की!' असं आपण म्हणतो. पण जपून ठेवणं वेगळं आणि पुन्हा बघता येणं वेगळं.

आमच्या भागातल्या एका वहिनींच्या आईचा आवाज त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओतच उरलाय. आई मंगलाष्टकं म्हणतेय, एवढाच काय तो ठेवा. परवा कॉम्प्युटरवर फाइल लावली, तर आवाज येतोय आणि पडदा काळा! भाचा म्हणाला, "मामी, फाइल खराब झाली. काढून टाकू?" नशीब, वहिनी नाही म्हणाल्या. शेजारच्या मुलानं व्हीएलसी नावाचं फुकट मिळणारं प्लेअर घातलं आणि आई समोर उभी राहिली.

मग झालं होतं काय? व्हिडिओची फाइल म्हणजे खणांचा डबा. एका खणात चित्र, दुसऱ्यात आवाज, कधी तिसऱ्यात खाली उमटणारी अक्षरं. कुठल्या क्षणी कुठलं चित्र आणि कुठला आवाज, ही यादीही डब्यातच. फाइलीच्या नावाला एव्हीआय, एमओव्ही, एमपीफोर असं जे शेपूट असतं, ते फक्त डब्याचं नाव. आतलं चित्र कुठल्या पद्धतीनं दाबून भरलंय, ते त्यावरून नक्की कळत नाही. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. वहिनींच्या कॉम्प्युटरला डबा उघडता आला, आवाजही कळला, पण चित्राचा कोडेक त्याच्याकडे नव्हता. आतला पदार्थ शाबूत होता!

आता प्रश्न असा, की आणखी तीस वर्षांनी हे डबे उघडतील का? ॲपलनं १९९१ मध्ये क्विकटाइम आणलं, मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये एव्हीआय. विंडोजवरचं क्विकटाइम प्लेअर सांभाळणं ॲपलनं २०१६ मध्ये सोडून दिलं. तरी त्या फाइली आजही चालतात, कारण डब्याची रचना कागदावर उघड होती. ती वाचून इतरांनीही झाकण उघडायला शिकून घेतलं. म्हणजे कंपनीपेक्षा उघडी कृती महत्त्वाची. घरातली लोणच्याची कृती एकाच सुगरणीच्या डोक्यात राहिली तर तिच्याबरोबरच जाते, तसंच हे. अमेरिकेतली लायब्ररी ऑफ काँग्रेस फाइलींचे प्रकार पारखताना हेच बघते: माहिती उघड आहे का, वापरणारे किती आहेत.

२००२ मध्ये सुरू झालेला 'मात्रोस्का' हा असाच खुला डबा. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून त्याचं नाव पडलं. त्याची रचना २०२४ मध्ये इंटरनेटच्या मानकांत रीतसर नोंदली गेली. फाइलीला एमकेव्ही शेपूट दिसलं, तर तो हा.

आपण घरी काय करायचं? व्हिडिओ कॅसेट असेल तर आधी ती उतरवून घ्या. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिनंही २०१६ मध्ये ते काम थांबवलं. सीडी असेल तर आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवा. डीव्हीडीचं पूर्ण फोल्डर घ्या, त्यातली एकच फाइल नको. दुकानात स्पष्ट सांगा, "दादा, डबा बदलायचा तर बदला, पण आतलं चित्र पुन्हा दाबू नका." असं करता येतं, आणि त्यात चित्राची प्रत उतरत नाही. पुन्हा दाबलं, की दर वेळी थोडं पुसट होतं. तरीही मूळ फाइल टाकू नका, नव्याबरोबर तीही ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हिडिओ आपोआप लहान होतो. दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी, म्हणजे एक तुमच्याकडे, एक बहिणीकडे. नावात तारीख, गाव आणि माणसांची नावं घाला.

आणि दर दिवाळीच्या साफसफाईत एकदा लावून बघा. चित्र दिसलं नाही, तरी लगेच 'खराब' म्हणून पुसू नका. आधी दुसऱ्या प्लेअरवर लावा. एकदा पुसलेला आवाज परत भरून आणता येत नाही, बरं का!