कृष्णाकाठच्या कन्नड शब्दांना पर्याय कुठून आणायचा?

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, नृसिंहवाडीत दत्तदर्शनाला गेलात की मराठीच्या बरोबरीने कन्नडही कानी पडतं. आपल्या रोजच्या कितीतरी शब्दांचं माहेर त्याच भाषेत आहे.

🔸 अण्णा, अक्का : कन्नडमध्ये थोरला भाऊ, थोरली बहीण. 'ज्येष्ठ बंधू' म्हटलं तर नातं कळतं, जिव्हाळा उतरत नाही.

🔸 तूप : कन्नडमध्ये 'तुप्प'. संस्कृत 'घृत' होमापुरतं, वरणभातावर तूपच!

🔸 अडकित्ता : कन्नडमध्ये 'अडके' म्हणजे सुपारी. अडकित्त्याला मराठीत दुसरा रुळलेला शब्द सापडणं कठीण.

शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. कारभाराला ते हवेच होते. पण घरात रुळलेले हे कन्नड शब्द आता अस्सल मराठीच आहेत.

तुमच्या घरात असे कोणते शब्द आहेत? जरूर सांगा!